दलदलीतला उजेड



परवा एका गावी रब्बीच्या सभेला गेलो होतो. हरभऱ्याच्या मर रोगावर बोललो, बियाण्याला ट्रायकोडर्मा कसे चोळायचे ते करून दाखवले. सभा संपल्यावर चार माणसे मारुतीच्या पारावर बसली, चहा आला. तेवढ्यात दहावीतला एक पोरगा पुढे झाला आणि म्हणाला, "साहेब, एक इचारू का? मागच्या आठवड्यात पहाटं पाणी धराया गेलो व्हतो. आभाळातनं दिव्यांची माळ चालली व्हती. एकामागं एक, सरळ रेघेत. आवाज न्हाई का काही न्हाई. काय असंल ते?"

त्याचा चुलता हसला. "रातभर मोबाईल बघतंय, साहेब. डोळ्यापुढं दिवं न्हाई दिसायचं तर काय?" पलीकडून एक आजीबाई म्हणाल्या, "वेताळाची पालखी आसंल. वाटंला जाऊ नगंस बाबा." सगळे हसले. पोराचा चेहरा उतरला. ते उठून जायच्या बेतात होते.

मी त्याला थांबवले. किती वाजले होते, दिवे कोणत्या दिशेने कोणत्या दिशेला गेले, किती वेळ दिसले, लुकलुकत होते की एकसारखे होते, असे एकेक विचारले. पोरगा हुशार. त्याने सगळे नीट सांगितले. त्यावरून उलगडा झाला. इंटरनेटसाठी अमेरिकेतली एक कंपनी डझनांनी उपग्रह एकाच वेळी आकाशात सोडते. सोडल्यानंतर काही दिवस ते एका ओळीत जातात. सूर्य मावळल्यावर किंवा उगवण्याआधी खाली अंधार असतो, पण तेवढ्या उंचीवर ऊन असते. त्या उन्हात ते चमकतात आणि मण्यांच्या माळेसारखे दिसतात. पोराने पाहिले ते खरे होते. चुलत्याचाही चेहरा मग जरा बदलला.

या निमित्ताने पारावर मी एक जुनी हकिकत सांगितली. ती तुम्हालाही सांगतो. हकिकत अमेरिकेतली आहे, पण तिच्यात शेतकरी आहे, सरकारी तपास आहे आणि आपल्या गोबर गॅसचाही संबंध आहे.

२४ जून १९४७ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात केनेथ अर्नोल्ड नावाचा एक माणूस आपले छोटे विमान चालवीत होता. माउंट रेनियर नावाच्या डोंगराजवळ त्याला नऊ चमकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावर बशी फेकली की ती जशी टप्पे घेत जाते तशा त्या जात होत्या, असे त्याने सांगितले. वर्तमानपत्रांनी 'उडत्या तबकड्या' हा शब्द उचलला आणि देशभर ज्याला त्याला आकाशात काहीतरी दिसू लागले. दुसरे महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली होती. रशियाचे एखादे नवे हत्यार तर नसेल, ही धास्ती होती. म्हणून तपासाचे काम लष्कराकडे गेले. १९४८ पासून हवाई दलाने हे खाते चालवले. नावे बदलत गेली. १९५२ पासून त्याला 'प्रोजेक्ट ब्लू बुक' म्हणू लागले. कचेरी ओहायो राज्यातल्या राइट-पॅटरसन विमानतळावर. देशभरातून वर्दी यायची, पण कचेरीत माणसे मात्र हातावर मोजण्याइतकी. त्यांच्या मदतीला खगोलशास्त्राचे एक प्राध्यापक सल्लागार म्हणून नेमले होते. त्यांचे नाव जे. ॲलन हायनेक. लोकांना दिसलेल्या वस्तूंपैकी ग्रह कोणता, तारा कोणता, उल्का कोणती हे ओळखणे त्यांचे काम.

आता १९६६ सालचा मार्च महिना. मिशिगन राज्यात डेक्स्टर नावाचे गाव आहे. तिथल्या एका शेतवस्तीजवळ दलदल होती. २० मार्चच्या रात्री वस्तीवरच्या माणसाला आणि त्याच्या मुलाला दलदलीवर उजेड दिसला. बापलेक अंधारातून त्या दिशेने चालत गेले. काही अंतरावरून त्यांना एक वस्तू दिसली. अंगाने पोवळ्यासारखी खडबडीत, कडेला दिवे. मग ती दिसेनाशी झाली. पोलिसांना वर्दी गेली. पोलीस आले, त्यांच्यापैकी काहींनीही उजेड पाहिल्याचे सांगितले. दुसऱ्याच रात्री त्याच राज्यात हिल्सडेल गावच्या कॉलेजमध्ये ८७ विद्यार्थिनींनी आणि नागरी संरक्षणाच्या अधिकाऱ्याने वसतिगृहाच्या खिडक्यांतून पाणथळ जागेवर उजेड पाहिला. झाले! वर्तमानपत्रे, रेडिओ, टेलिव्हिजन, सगळीकडे एकच विषय.

हवाई दलाने हायनेकना पाठवले. त्यांच्या हाती दिवस थोडे होते. जिकडेतिकडे गर्दी, वार्ताहरांचा गराडा आणि वरून उत्तराची घाई. २५ मार्च रोजी डेट्रॉइट शहरात वार्ताहरांची बैठक बोलावली गेली. तिथे हायनेकनी सांगितले की, या दोन्ही ठिकाणी दलदल आहे. झाडपाला कुजून दलदलीत वायू तयार होतो. थंडीत तो बर्फाखाली कोंडून राहतो. बर्फ वितळू लागले की सुटतो आणि कधी कधी पेटतो. लोकांनी पाहिला तो असा उजेड असू शकेल. याच काळातल्या एका फोटोचाही त्यांनी उलगडा केला. कॅमेऱ्याचे झाकण बराच वेळ उघडे ठेवल्यामुळे त्यात चंद्रकोर आणि शुक्र यांच्या रेघा उमटल्या होत्या.

फोटोचे कोणी फारसे मनावर घेतले नाही. 'दलदलीचा वायू' हे दोन शब्द मात्र सगळ्यांनी उचलले. 'असू शकेल' हे शब्द गळाले. 'साहेब म्हणतात दलदलीचा वायू' एवढेच छापून आले. व्यंगचित्रे निघाली, विनोद झाले. ज्यांनी पाहिले होते ते चिडले. शेतवस्तीवरचा माणूस आपल्या सांगण्यावरून हटला नाही. पाहिले ते पाहिले, असे तो म्हणत राहिला.

इथे थोडे थांबू आणि हा वायू काय आहे ते पाहू. तो आपल्या ओळखीचा आहे. नोव्हेंबर १७७६ मध्ये इटलीत अलेस्सांद्रो व्होल्टा या शास्त्रज्ञाने माज्जोरे सरोवराच्या काठी चिखल काठीने ढवळला, वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले आणि तो वायू पेटतो हे दाखवले. तो मिथेन. जुन्या तळ्यात, भातखाचरात, गाळ साचलेल्या ओढ्यात हेच बुडबुडे तुम्ही पाहिले असतील. हवा लागत नाही अशा जागी शेण किंवा पाला कुजला की सूक्ष्म जीव मिथेन तयार करतात. तुमच्या दारच्या गोबर गॅसमध्ये हेच चालते. त्या गॅसमध्ये शंभरात पंचावन्न ते साठ भाग मिथेन असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. ज्योत निळी असते आणि उन्हात तर दिसतसुद्धा नाही. म्हणून सांगतो, रिकाम्या केलेल्या गोबर गॅसच्या खड्ड्यात एकदम उतरू नका आणि आत पाहायला काडी ओढू नका. अशा खड्ड्यात भाऊ पडला म्हणून भाऊ उतरला आणि दोघेही गेले, असे घडलेले आहे.

पण मिथेन आपोआप पेटत नाही. गोबर गॅसच्या शेगडीलाही काडी लावावीच लागते. मग दलदलीत काडी कोण लावतो? कुजताना फॉस्फरसचे काही वायू निघतात आणि ते हवा लागताच पेटतात, असा एक खुलासा शास्त्रज्ञ सांगत आले आहेत. आपल्याकडे पाणथळ रानात उजेड दिसला की चकवा म्हणतात, कोकणात वेताळाची पालखी म्हणतात. युरोपातही अशा उजेडाच्या कहाण्या शेकडो वर्षांच्या आहेत. सांगणाऱ्यांच्या तोंडी तो उजेड लहान असतो, मंद असतो, जमिनीलगत हलतो. आता तुम्हीच सांगा, खडबडीत अंगाची आणि कडेला दिवे असलेली वस्तू पाहिली म्हणणाऱ्या माणसाला हे उत्तर पटेल काय? कदाचित अंधारात त्याच्या डोळ्यांनी उजेडाला आकार दिला असेल. डोळ्यांना ती खोड आहे. कदाचित दुसरेच काही असेल. पण त्याच्या सांगण्यातला कोणता भाग या खुलाशात बसतो आणि कोणता बसत नाही, एवढे तरी त्याला समजावून सांगायला हवे होते. ते राहून गेले.

गोष्ट इथे संपली नाही. मिशिगनचेच एक खासदार, जेराल्ड फोर्ड, तेव्हा अमेरिकी लोकसभेत विरोधी पक्षाचे नेते होते. पुढे १९७४ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी सांगितले की, आमच्या लोकांना यापेक्षा चांगले उत्तर मिळाले पाहिजे, सभागृहाने चौकशी करावी. ५ एप्रिल १९६६ रोजी सभागृहाच्या संरक्षण समितीपुढे सुनावणी झाली. मग हवाई दलाने कोलोरॅडो विद्यापीठाकडे स्वतंत्र अभ्यास सोपवला. एडवर्ड कॉन्डन नावाचे भौतिकशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख होते. त्यांचा अहवाल जानेवारी १९६९ मध्ये बाहेर आला. वीस वर्षांच्या या तपासातून विज्ञानात भर पडेल असे काही हाती लागले नाही, असे त्यात म्हटले होते. डिसेंबर १९६९ मध्ये प्रोजेक्ट ब्लू बुक बंद झाले. १९४७ पासून १९६९ पर्यंत १२,६१८ वर्द्या नोंदल्या गेल्या. त्यांतल्या ७०१ चा उलगडा झाला नाही. म्हणजे शंभरात साधारण साडेपाच. बाकी बहुतेक तारे, ग्रह, उल्का, विमाने, फुगे, ढग. देशाला धोका आढळला नाही आणि परग्रहावरून कोणी आल्याचा पुरावाही सापडला नाही, असे हवाई दलाने जाहीर केले.

त्या ७०१ वर पुष्कळ जण बोट ठेवतात. म्हणतात, बघा, परग्रहवासी आले होते. असे होत नाही, मंडळी. माती परीक्षणाचा नमुना पिशवी फाटून सांडला तर त्या जमिनीत सोने आहे असे आपण म्हणतो काय? नमुना अपुरा, म्हणून उत्तर नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मला या हकिकतीत सगळ्यांत महत्त्वाचे वाटते ते हायनेक यांचे पुढचे वागणे. सुरुवातीला ते लोकांच्या सांगण्याकडे संशयाने पाहत. मिशिगनचे प्रकरण त्यांच्या मनाला लागले. १९७२ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिले आणि हवाई दलाचा तपास शास्त्राला धरून झाला नाही, असे त्यात उघड सांगितले. आपण स्वतः त्या तपासात वीस वर्षे होतो, हेही लपवले नाही. पुढे १९७३ मध्ये त्यांनी अशा नोंदी नीट तपासण्यासाठी स्वतंत्र केंद्र काढले. त्यांची सगळी मते मला पटतात असे नाही. पण आपण घाईने बोललो हे कबूल करायला मोठे मन लागते.

हे मी का म्हणतो ते सांगतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मराठवाड्यातल्या एका गावात मीही असाच साहेब झालो होतो. एका शेतकऱ्याच्या कपाशीची पाने विचित्र झाली होती. लांबट, अरुंद, बोटासारखी, भेंडीच्या पानाची आठवण यावी अशी. मी जीपमधून उतरून बांधावर उभा राहिलो. पुढे आणखी दोन गावे करायची होती. म्हटले, "तात्या, हा व्हायरस आहे. पांढऱ्या माशीने आणलाय. औषध मारा." तात्या म्हणाले, "साहेब, जरा आत या. एवढ्याच ओळी बघा. त्या दिशी सांजच्याला पंप संपला आन् मी थांबलो. जिथवर पंप मारला तिथवरच झालंय. पल्याड बघा, एक पान वाकडं न्हाई." मी म्हटले, "योगायोग असेल. तुम्ही औषध मारा." आणि जीप सुरू झाली.

तात्यांनी उसने पैसे काढून दोन फवारण्या केल्या. काही उपयोग झाला नाही. महिनाभराने कृषी विद्यापीठाचे एक वयस्क शास्त्रज्ञ दौऱ्यावर आले. मी त्यांना तिथे नेले. ते सरळ ओळीत शिरले, दोन पाने खुडली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पंप कोणाचा?" पंप तात्यांच्या मेहुण्याचा होता. मेहुण्याचा ऊस होता आणि उसातले तण मारायला त्याने त्याच पंपातून टू-फोर-डी मारले होते. पंप नुसता पाण्याने हिसळला होता. कपाशी या औषधाला फार नाजूक. पंपात उरलेला अंशसुद्धा तिला बाधतो आणि शेजारच्या रानातून वाऱ्याने आलेला तुषारही बाधतो.

तात्यांनी रोगाचे नाव सांगितले नव्हते. त्यांनी पाहिले ते सांगितले होते आणि ते अगदी बरोबर होते. उत्तर त्यांच्या सांगण्यातच होते. मी ऐकले नाही. त्या दिवशी मी शास्त्रज्ञांसमोर तात्यांची माफी मागितली. ते एवढेच म्हणाले, "साहेब, तुमी आत आला आसता तर माझ्या दोन फवारण्या वाचल्या आसत्या." आज तीस वर्षांनीही ते वाक्य माझ्या कानात आहे. तेव्हापासून बांधावरून सल्ला देणे मी बंद केले. काही वेळा रानात शिरूनही समजत नाही. तेव्हा सरळ सांगतो, "मला आज कळत नाही. नमुना घेऊन जातो, विचारून सांगतो." त्याने माझी किंमत कमी झाली असे मला तरी जाणवलेले नाही.

आता आपल्याकडच्या गोष्टीकडे येऊ. आभाळातून काही येते हे आपल्या राज्यातही घडले आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भातल्या लोकांनी आकाशातून जळते पट्टे जाताना पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. आसपासच्या काही गावांत धातूचे गोळेही सापडले. गावकऱ्यांनी प्रशासनाला कळवले. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. चीनच्या एका अग्निबाणाचा आकाशात फिरत राहिलेला टप्पा खाली आला असावा, असे जाणकारांचे मत पडले. गावकऱ्यांनी वेळ आणि दिशा नीट सांगितली, वस्तू दाखवल्या, म्हणून तर्क करता आला. हवामान खात्याचे फुगे आणि त्यांना बांधलेली यंत्राची डबीही कधी कधी शेतात सापडते. हैदराबादहून सोडलेल्या मोठ्या संशोधन फुग्यांची यंत्रेही आपल्या जिल्ह्यांपर्यंत येऊन उतरतात.

तेव्हा असे काही दिसले किंवा सापडले तर एवढे करा.

एक, घड्याळ पाहा आणि वेळ त्याच वेळी लिहून ठेवा. सकाळी आठवून सांगितलेली वेळ बहुधा चुकते.

दोन, दिशा सांगताना 'तिकडे' म्हणू नका. विहिरीच्या बाजूला, देवळाच्या कळसावर, अशी खूण धरा.

तीन, उंची मुठीने मोजा. हात लांब करून मूठ धरायची आणि क्षितिजापासून मुठीवर मूठ चढवायची. डोक्यावर येईपर्यंत साधारण नऊ मुठी होतात. दिवा तीन मुठींवर होता, असे सांगितले की पुढच्याला समजते.

चार, किती वेळ दिसला, आवाज होता का, वारा कोणीकडून होता, दिवा सरकत होता की एका जागी होता, हे लिहा.

पाच, दोघांनी पाहिले असेल तर एकमेकांशी बोलण्याआधी दोघांनी वेगवेगळे लिहा. आधी गप्पा झाल्या की दोघांचे एकच होऊन जाते.

सहा, पडलेल्या वस्तूला हात लावू नका. पोरांना जवळ जाऊ देऊ नका. पोलीस पाटलांना कळवा. अग्निबाणाच्या टाकीत विषारी द्रव्य उरलेले असू शकते.

सात, घरातले पोर काही सांगू लागले तर आधी पुरते ऐकून घ्या. हसायचे असेल तर नंतर हसा.

हाच रिवाज पिकालाही लावा. रोग दिसला की तारीख लिहा, कोणत्या ओळीत, कोणत्या बाजूने सुरू झाला ते पाहा, आदल्या आठवड्यात काय काय केले ते आठवा. साहेब बांधावरूनच बोलू लागले तर त्यांना हाताला धरून आत न्या. त्यात कसला अपमान? आणि तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. उसना आणलेला असेल तर आधी विचारा, शेवटी त्यातून काय मारले होते.

पारावरून निघताना त्या पोराने मला वहीचे पान दाखवले. त्याने तेवढ्यात तारीख, वेळ, दिशा आणि 'आवाज नाही' असे लिहून काढले होते. खाली चुलत्याने अंदाज म्हणून दिव्यांची संख्या घातली होती. चुलताही त्या पहाटे रानात होता, त्यानेही पाहिले होते म्हणे! लोक हसतील म्हणून बोलला नव्हता.

पुढच्या खेपेला हरभऱ्यातल्या घाटे अळीबद्दल बोलू. तोवर राम राम.

— तुमचा विस्तार अधिकारी